पापड न वाळू देणारी खिडकी

रेवणप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा सोलापूरचं तापमान, माझ्या अंदाजाने, एकशे ऐंशी अंश होतं. वेधशाळेने त्रेचाळीस सांगितलं होतं. पण वेधशाळेचे लोक सावलीत मोजतात, त्यांचं काय मनावर घ्यायचं. रस्त्यावरचं डांबर पातळ होऊन गटाराच्या दिशेने निघालं होतं. तारेवरचे कावळे आळीपाळीने एकेक पाय वर घेत होते. गल्लीतलं एक कुत्रं स्वतःच्याच सावलीत बसायचा प्रयत्न करत गोल गोल फिरत होतं. जुळे सोलापुरातल्या या घरात राहायला येऊन आम्हाला तीनच दिवस झाले होते, आणि मी पश्चिमेच्या खोलीत ओला पंचा पोटावर टाकून झोपेची आराधना करत पडलो होतो. डोळा लागला असेल-नसेल, तोच उदबत्तीचा वास आला.

मी दचकलो. माणूस आडवा, अंगावर पांढरं कापड आणि उशाला उदबत्ती, हा देखावा आपल्याकडे प्रत्येकाच्या वाट्याला एकदाच येतो. भीत भीत डोळे उघडले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले एक उंच गृहस्थ माझ्या खिडकीला ओवाळत होते. उदबत्ती चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून वर गेली, वरून उजवीकडे, उजवीकडून खाली. खिडकी झाल्यावर त्यांनी गॅलरीच्या दारालाही तशीच प्रदक्षिणा घातली.

‘झोपा, झोपा,’ मी उठून बसलेला पाहून ते म्हणाले. ‘तुमचं काय काम न्हाई.’

‘आपण?’

‘शेजारचा हाय. रेवणप्पा. वैनींनी आत सोडलं.’

उदबत्तीच्या धुराची सरळ रेघ दाराच्या फटीपाशी जाताच आडवी झाली आणि घरात शिरली. एक्स-रे बघून डॉक्टर मान हलवतात तशी त्यांनी मान हलवली.

‘नापास. खिडकी गळतीया, दार तर लईच. आख्ख्या विजापूर रोडची गरम हवा तुमच्या खोलीत मुक्कामाला येतीया. माझ्या खोलीची बी हीच गत हाय. म्हटलं, तुमची बगून यावं.’

एवढं बोलून त्यांनी ती उदबत्ती आमच्याच देवघरात खोचली, देवाला नमस्कार केला आणि ते निघून गेले.

वजनमापं खात्यात रेवणप्पांनी छत्तीस वर्षं काढली. पितळी वजनांची पेटी घेऊन तालुक्यातालुक्याच्या बाजारात जायचं, दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि बरोबर असतील त्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. ते मंडईत शिरले की भाजीवाल्या आपणहून रिकामा तराजू उचलून दाखवतात, देवळात शिरताना घंटा वाजवावी इतक्या सहज. रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी ‘हे यंत्र शेवटचं कधी तपासलंय?’ असं विचारलं होतं, आणि त्या प्रश्नाने डॉक्टरांचाच रक्तदाब वाढला होता. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी दिलेला चांदीचा पेला त्यांनी तिथल्या तिथे तळहातावर तोलला, आणि आभाराच्या भाषणात, कुणाचंही मन न दुखावता, चार ग्रॅम कमी असल्याचा उल्लेख केला. शिक्का नसलेली वस्तू त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. माझ्याशी बोलतानाही ते अधूनमधून कुठेतरी शिक्का शोधत असतात असं मला वाटतं.

अशा माणसाला एकच गोष्ट मोजता येत नव्हती, ती म्हणजे बायकोचं माहेरपण. त्यांची पत्नी निंगव्वा, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अक्का, दर वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुधनीला भावाकडे जायच्या आणि मृग लागल्यावर परत यायच्या. रेवणप्पा मागे राहायचे, कारण आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि घर बंद ठेवलं तर टाकी कोण भरणार? अडीच महिने टाकी भरायची, भात शिजवायचा, तो करपला की शेजारी येऊन तांदळाच्या मापाची चर्चा करायची. एकदाच ते खरं बोलून गेले.

‘एकट्याच्या चहाला पातेलं लई मोठं पडतंय, साहेब,’ ते म्हणाले. ‘लहान घेतलं, तरी मोठंच पडतंय.’

त्या मृगाला अक्का परत आल्या आणि रेवणप्पांनी माझ्यासमोरच विषय काढला.

‘काय केलं तर उन्हाळ्यात हितं राहशील?’

अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. ‘ह्या खोलीत बिसिलु राहतंय,’ त्या म्हणाल्या. बिसिलु म्हणजे कानडीत ऊन. ‘मला जागा कुटं हाय? दुधनीच्या आतल्या खोलीवानी गार करा, मग राहते.’

बायको असं बोलते तेव्हा नवऱ्याने हसून विषय बदलायचा असतो. रेवणप्पांनी वही काढून तारीख घातली आणि वाक्य लिहून घेतलं.

दुधनीला ऊन सोलापूरएवढंच आहे, कांकणभर जास्तच. पण मेव्हण्याचं, महादेवप्पांचं घर जुन्या पद्धतीचं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचं जाड माळवद, आणि आतल्या खोलीला खिडकी म्हणाल तर नारळाएवढं एक भोक. रेवणप्पांच्या पश्चिमेच्या खोलीला मात्र बिल्डरने भिंतभर काच दिली होती आणि गॅलरीला लोखंडी दार, ज्यावर अक्कांना मे महिन्यात भाकरी भाजता आली असती. स्पर्धा सोपी नव्हती. रेवणप्पांनी दोन थर्मामीटर आणले, दोन्ही एकाच बादलीत तासभर बुडवून एकच आकडा दाखवतात याची खात्री केली, आणि एक महादेवप्पांना नेऊन दिला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला दोन्हीकडे मोजायचं, असं ठरलं. हातात नऊ महिने होते.

मग त्यांना समजलं की फ्रिजवर जसे तारे असतात तशी काही देशांत खिडक्यादारांचीही प्रतवारी होते. झालं. संध्याकाळी कागदांची चळत घेऊन ते आमच्या ओट्यावर यायला लागले.

‘चार आकडे असत्यात बगा. पयला आकडा म्हंजी गरमी काचेतनं आन् चौकटीतनं किती बिगीबिगी चालती. स्टीलच्या पेल्यात चहा घेतला की हात भाजतोय, कपात घेतला की न्हाई. तुमची खिडकी स्टीलचा पेला हाय.’

‘बरं.’

‘दुसरा, उन्हाच्या शंभर भागांतलं किती भाग आत येतंय. तिसरा, उजेड किती येतोय. चौथा तुमी बघितलाय.’

‘कधी?’

‘झोपला हुता की तुमी. उदबत्ती.’

मला समजलं. त्यांना मात्र एका गोष्टीने फार त्रास दिला होता. उजेडाचा सोडला, तर बाकी तिन्ही आकडे जितके लहान तितका माल चांगला.

‘छत्तीस वर्षं कमी दिसलं की दंड केला,’ ते खिन्नपणे म्हणाले. ‘आता म्हणायचं, कमी हाय, शाब्बास.’

खिडक्या करणारा सरफराज हा आमच्या भागातला समजूतदार माणूस. त्याचं अॅल्युमिनियमच्या कामाचं वर्कशॉप आहे, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, फक्त खरं काय ते एकदा सांगून ठेवायचं, अशी त्याची पद्धत. त्याने खोली पाहिली आणि खरं काय ते सांगून ठेवलं.

‘काका, आधी बाहेरून बांबूची चिक, काड्यांचा पडदा सोडा. ऊन काचेला लागलंच नाही तर निम्मं काम तिथंच होतंय.’

‘चिकेला काय शिक्का असतोय का?’

‘चिकेला कशाचा शिक्का, काका.’

‘मग ऱ्हाऊ दे.’

सरफराज ‘बरं’ म्हणाला. त्याच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक खिडकी दोन वर्षं उभी होती. कुणीतरी बंगल्यासाठी परदेशातून मागवलेली आणि मापात चुकल्याने पडून राहिलेली. दुहेरी काच, जाड चौकट, आणि काचेवर रंगीत पट्ट्यांची शिडी असलेलं लेबल. सगळ्यात वरच्या हिरव्या पट्टीवर बाण. पहिला दर्जा. रेवणप्पांनी चष्मा पुसून ते लेबल पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त वरपित्याच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

‘काका, हे तिकडच्या हिशेबाचं हाय,’ सरफराज म्हणाला. ‘बर्फाच्या गावचं.’

‘तिकडचा किलो आन् हितला किलो येगळा असतोय व्हय रे?’

सरफराजने मापाची टेप काढली. पावसाळ्यात ती खिडकी रेवणप्पांच्या पश्चिमेच्या भिंतीत बसली. लेबल काढू दिलं नाही. पाहुणे आले की चहाच्या आधी लेबल दाखवायचे.

पावसाळाभर खिडकी निर्दोष होती, कारण ऊनच नव्हतं. मग ऑक्टोबर आला. एके दिवशी अक्कांनी चटणीसाठी धुतलेल्या शेंगदाण्यांची परात गच्चीवर न नेता त्या खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवली. सायंकाळी त्या परात घेऊन बाहेर आल्या. आम्ही दोघं ओट्यावर होतो.

‘खिडकी लई बेस केलीत,’ त्या म्हणाल्या. ‘दोन तासांत दाणं कडकडीत वाळलं. कावळा न्हाई, धूळ न्हाई, राखण करायला नको.’

अडतीस वर्षांच्या संसारात अक्कांनी नवऱ्याचं केलेलं हे पहिलं उघड कौतुक होतं. ते ऐकून रेवणप्पा उठून आत गेले, भिंग घेतलं आणि लेबलाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं वाचायला लागले. अर्ध्या तासाने परत आले ते भिंगासकट.

‘चुकलो, साहेब.’

‘काय झालं?’

‘गरमी घराबाहेर जाऊ देत न्हाई, म्हणून गुण दिल्यात. हवा गळत न्हाई, म्हणून दिल्यात. आन् ऊन आत घेती, त्याचे बी गुण दिल्यात. तिकडं ऊन म्हंजी पाव्हणा. चार महिन्यांनी एकदा येतोय, म्हणून दार उघडणाऱ्याला शाब्बासकी. आपल्याकडं त्यो घरजावई हाय.’

थोडा वेळ ते भिंगातून ओट्याची फरशी बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘मोठा काटा एका गावातनं उचलून दुसऱ्या गावात बसवला, की पयला शिक्का चालत न्हाई. नव्या जागी परत तपासायचा. हे मी दुधनी, करकंब, जेऊर, सगळ्या बाजारांत वराडून सांगितलंय. आन् सोताच्या घरात इसरलो.’

खचून जाणं हा प्रकार मात्र त्यांच्या खात्यात नव्हता. आता लेबलावर विसंबायचं नाही, सोलापूरच्या उन्हात आपणच तपासायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि तपासायचं कशाने, हे अक्कांच्या परातीने शिकवलंच होतं. फेब्रुवारीत गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून चार पेट्या मांडल्या गेल्या. एका पेटीवर साधी काच, दुसरीवर ती पहिल्या दर्जाची, भिंतीतून उपसून आणलेली, तिसरीवर गॉगलसारखी काळी, आणि चौथीवर सरफराजने आणलेली आणखी एक दुहेरी काच. दिसायला जवळजवळ साधीच, पण आतून डोळ्याला न दिसणारा एक लेप दिलेली. तिच्या कागदावर दुसऱ्या आकड्याच्या जागी पाव होता: उन्हाच्या शंभर भागांतले पंचवीसच आत. प्रत्येक पेटीत अक्कांनी नुकताच लाटलेला एकेक उडदाचा पापड. चारही पापड आधी तराजूवर तोलून सारख्या वजनाचे केलेले, हे सांगायला नकोच.

गल्लीतल्या बायका कडेच्या सावलीत बसून होत्या. त्यांना आपण पापड बघतोय की रेवणप्पांना, हे नक्की माहीत नसावं.

साध्या काचेखालचा पापड पाऊण तासात कुरकुरला. पहिल्या दर्जाच्या काचेखालचा जेमतेम पाच मिनिटं मागे राहिला. काळ्या काचेवर माझा भरवसा होता, पण ती उजेड अडवून बसली आणि स्वतः तापून तवा झाली. तिच्याखालचा पापड अंधारात का होईना, वाळलाच. चौथ्या पेटीतला पापड स्वच्छ उजेडात, पाच वाजले तरी, ओल्या हातरुमालासारखा पडून होता. रेवणप्पांनी तो दोन बोटांत धरून उचलला. तो मधोमध वाकून लोंबला.

‘पास,’ ते म्हणाले.

‘माझा पापड नासला आन् हे पास म्हणत्यात,’ अक्का बायकांना म्हणाल्या. ‘ती दुसरी काच चांगली हाय की. ती ठेवा म्हटलं, तर न्हाई.’

ती दुसरी काच त्यांना मिळाली. पहिल्या दर्जाची ती खिडकी आता गच्चीवर, लेबलासकट, आडवी असते आणि तिच्याखाली आख्ख्या गल्लीचे पापड, कुरडया आणि सांडगे वाळतात. त्या कामात तिचा हात कुणी धरणार नाही.

चौथी काच भिंतीत बसली. चौकटीला रबर आलं. भाकरी भाजायचं दार गेलं, आणि आत फोम भरलेलं, खाली ब्रश लावलेलं नवं दार आलं. रेवणप्पांनी मला बोलावून उदबत्ती माझ्याच हातात दिली. धूर चौकटीभोवती शिस्तीत सरळ वर गेला. मला उगाचच अभिमान वाटला.

पाडव्याच्या दोन दिवस आधी त्यांनी दुपारी तीनला चाचणी घेतली. दुधनी तेहतीस. सोलापूर चौतीस. एका अंशाने हरत होते. रेवणप्पा वहीत लिहिलेलं अक्कांचं वाक्य पुन्हा वाचत राहिले. अक्कांची पिशवी कपाटावरून खाली आली होती, आणि तिच्यात दोन लुगडी गेलीही होती.

सरफराज दाराचा ब्रश बघायला आला होता. त्याने थर्मामीटर पाहिला, काकांचं तोंड पाहिलं आणि न सांगता टेम्पोतून बांबूची चिक आणून गॅलरीच्या बाहेरून लावायला घेतली. रेवणप्पा खाली उभं राहून बघत होते.

‘शिक्का न्हाई तिला,’ ते म्हणाले.

‘नाही, काका.’

‘घट्ट बांध.’

पाडव्याचा दुसरा दिवस उजाडला. बाहेर एकोणचाळीस. पिशवी दाराशी, अक्का खुर्चीवर. तीन वाजता रेवणप्पांनी फोन लावला.

‘महादेवप्पा, खरं सांगायचं.’

‘तेहतीस,’ पलीकडून आवाज आला.

‘डोळा पाऱ्याच्या रेषेत धर. वरनं बगू नको.’

‘रेषेतच हाय की, भाऊजी. तेहतीस.’

रेवणप्पांनी आपला थर्मामीटर स्वतः वाचला नाही. तो मला वाचायला लावला, आणि माझ्यावर विश्वास नसल्याने नंतर माझ्या बायकोला. साडेबत्तीस. अक्का उठल्या, चष्मा लावला, आणि त्यांनीही पाहिलं. मग पिशवीतली लुगडी काढून कपाटात ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या. रेवणप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या घरातून पातेल्याचा आवाज आला तेव्हा म्हणाले, ‘मोठं पातेलं घेतलंय तिनं.’

अर्ध्या अंशाने हरलेल्या महादेवप्पांना ते काही पटलं नाही. चौथ्या दिवशी ते स्वतःचा थर्मामीटर घेऊन सोलापूरला आले. खोलीत जेवणानंतर पडले, ते दिवे लागायला उठले, आणि उठल्या उठल्या त्यांनी घरी फोन केला. ते परत गेलेच नाहीत; आठवड्याच्या आत त्यांची आई, बायको, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडंही आली. अक्कांना सगळं माहेर घरबसल्या मिळालं. खोलीत खाली अंथरुणाला जागा उरली नाही, पण तापमान तेहतिसाच्या वर गेलं नाही. टाकी भरायलाही आता माणसं भरपूर होती.

उन्हाळाभर रेवणप्पा दुधनीला होते. महादेवप्पांच्या तीन म्हशी आहेत, आणि तिकडे बघायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.